शेपूट शेवटच्याचं

बेकरीच्या रांगेत बोव्हेलबाईंच्या मागे कुणीतरी हळूच म्हणाले, "शेपूट कुणाचं?" आणि रांगेच्या पुढच्या टोकाला उभा असलेला एक पोट सुटलेला टॅक्सीवाला मागे वळूनही न पाहता ओरडला, "शेवटच्याचं!" रांग हसली. हसणाऱ्यांत टक्कल पडलेली, नातवंडे झालेली माणसे होती. काउंटरमागची मुलगी तेवढी हसली नाही, कारण ती त्यांच्या शाळेची नव्हती. बाईंनाही सवयीने हसू आले. सेंट ऑलिव्हच्या शाळेत त्यांनी सारा जन्म इंग्रजीचे व्याकरण शिकवले होते. निम्मे शहर त्यांच्या हाताखालून गेले होते, म्हणजे निम्म्या शहराच्या तळहातावरून त्यांची पट्टी गेली होती. बाजारात कोळंबी विकणारी बाई असो, बँकेच्या खिडकीमागचा कारकून असो की मिनिबसच्या दारात लोंबकळून गिऱ्हाईक ओढणारा पोरगा असो, त्यांना पाहिले की एकजण हा प्रश्न टाकी आणि दुसरा कुणीतरी उत्तर देई. तो आता नमस्कारच झाला होता. पण आज टॅक्सीवाला पाव काखेत मारून मागे आला, टोपी काढली आणि म्हणाला, "मिस, उद्या कोर्टात येताय म्हणे, क्लेमंटच्या बाजूनं?"

"येतेय."

"बरं करताय. देवमाणूस आहे बिचारा. माझ्या आईची शवपेटी त्यानंच केली होती, घासाघीस न करता." मग त्याने डोळा बारीक केला. "पण मिस, क्लेमंटच्या बाजूनं म्हणजे शेपटाच्या विरुद्ध की हो! आता पट्टी कुणी कुणाला मारायची?"

रांग पुन्हा हसली. बाईंनी वेणीपाव घेतला. तो इतका गरम होता की कागदातून बोटांना चटका बसत होता, पण पिशवीत टाकायचे त्यांना सुचले नाही. रस्त्यावर येऊन त्या कालव्याच्या कडेने चालू लागल्या तेव्हा त्यांना जाणवले की आपण हसतोच आहोत. तोंड आपले आपण हसत राहिले होते आणि आत कुठेतरी, घराचे दार उघडे ठेवून आलो की काय असे वाटावे, तसे काहीतरी टोचत होते. टॅक्सीवाला काय खोटे बोलला होता? पंधरा दिवस त्या उद्याच्या साक्षीची तयारी करत होत्या, निळा पोशाख इस्त्री करून ठेवला होता, आणि हे एवढे साधे त्यांनी स्वतःशीसुद्धा उच्चारले नव्हते. त्यांना वाटत होते, शाळा ती शाळा आणि जग ते जग. शाळेत सांगितलेले लोक पुढे विसरतात, हा जगातल्या सगळ्या मास्तरांचा मोठा दिलासा असतो.

पण हे शहर विसरले नव्हते. इंग्रजीत माणसे पुष्कळदा नाम आधी सांगतात आणि त्याचे वर्णन मागून जोडतात, जनावराच्या मागे शेपूट असावे तसे. नाम एक असले की काही बिघडत नाही. नामे तीन आणि मागे शेपूट एकच असले की ते तिघांचे की शेवटच्या एकाचे, हे देवालाही सांगता येत नाही. बोव्हेलबाई तेव्हा नुकत्या नोकरीला लागल्या होत्या, अंगात स्टार्च केलेला पांढरा ब्लाउज आणि हाताला खडूचा वास. परीक्षेचे पेपर तेव्हा बोटीने इंग्लंडला जात आणि तिथला कुणी न पाहिलेला साहेब ते तपासत असे. त्याला एकच उत्तर हवे असे. एकच उत्तर देता यावे म्हणून बाईंनी एका दुपारी फळ्यावर एक घोडा, एक गाय आणि एक गाढव ओळीने काढले. शेपूट फक्त गाढवाला काढले. "शेपूट कुणाचं?" त्यांनी विचारले. "शेवटच्याचं!" वर्ग ओरडला. त्या वर्षी शाळेतले एकही पोर व्याकरणात नापास झाले नाही. इथला शाळा-तपासनीस स्वतः येऊन फळा पाहून गेला, आणि पुढे तर चित्र पुसायचे नाही असा शाळेचा रिवाजच पडला. दरसाल नवी पोरे त्यावर खडू फिरवून ते ताजे करत. कुणी चुकला की सगळा वर्ग त्याच्या तोंडावर ओरडे. बाईंना आवाज चढवावा लागत नसे.

आणि नियम खरा नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. हे आज, या कालव्याकाठी, पिवळ्या छातीचा किस्काडी पक्षी तारेवर बसून एकच एक ओरडत असताना त्यांना कबूल करावे लागले. त्यांची आई धुणीभांडी करणारी होती. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "एनिड, कप, बशा नि चमचे आण गं खरकटे!" आणि एनिड सगळेच आणायची. फक्त चमचे खरकटे आणि कप-बशा धुतलेल्यासुद्धा उचलून आणायच्या, असा अर्थ तिने एकदाही काढला नव्हता. आईची इंग्रजी भाषा लोकांच्या घरात फरशा पुसता पुसता आलेली, तरी तिला कळत होते की शेपूट कधी सगळ्यांचे असते आणि कुणाचे ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचे असते. पण आईचे तोंड परीक्षेच्या पेपरात कसे घालणार? बाईंनी ते सोडून दिले. सोडून दिल्याचे त्यांना कधी दुःख झाले नाही, हेच आता दुखत होते.

घरी पोचल्या तेव्हा क्लेमंट डेझेल शिडीवर होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो न बोलावता यायचा आणि लाकडी खिडक्यांच्या पट्ट्या, जिन्याच्या पायऱ्या, जे काही दमट हवेने कुजवले असेल ते दुरुस्त करून जायचा. आजचा दिवस शनिवार नव्हता. उद्या कोर्ट म्हणून तो आजच आला असावा, नाहीतर हात रिकामे ठेवायची भीती वाटून आला असावा. तो आता म्हाताऱ्यांतच जमा होता. पाठ अजून ताठ, पण कानामागची पेन्सिल पांढऱ्या केसांत अडकवलेली. खाली गवतात त्याचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते. शिडीवर तो नेहमी अनवाणी चढे.

"पाव आणलाय. चहा घेशील ना?"

"हे एवढं बसवतो मिस, मग घेतो. तुमच्या या खिडकीला वाळवीनं पोखरलंय नुसतं."

बाई वरच्या पायरीवर बसल्या. त्यांना काहीतरी विचारायचे होते आणि काय ते त्यांनाच नीट कळत नव्हते. "क्लेमंट, उद्या मी जे बोलणार आहे ना, त्याचा उपयोग होईल असं वाटतं तुला?"

तो ठोकत राहिला. तोंडात खिळे होते. ते एकेक करून संपल्यावर म्हणाला, "वकीलबाई म्हणतात होईल. म्हणतात, मिस बोव्हेलनी सांगितल्यावर या देशात कोण नाही म्हणणार?"

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी सुतार माणूस, मिस. कशाला काय जोडायचं ते मला लाकडात कळतं." हे म्हणून तो हसला, पण बाईंकडे न बघता. काम झाल्यावर त्याने हातोडी पट्ट्यात खोचली आणि नेहमीप्रमाणे वरूनच विचारले, "मिस, उतरू का?"

"उतर, क्लेमंट," बाई म्हणाल्या, नेहमीप्रमाणेच. कितीतरी वर्षे हे चालले होते. त्यांना ती त्याच्या आईने लावलेली रीतभात वाटे आणि आपल्या इतर विद्यार्थ्यांना त्या त्याचे उदाहरण देत.

क्लेमंटचे घर समुद्राच्या भिंतीपलीकडे, जिथे शहर संपून चिखल आणि कुरिडाची झाडे सुरू होतात तिथे, लाकडी खांबांवर उभे होते. ते त्याने तरुणपणी एकट्याने बांधले होते. ग्रीनहार्टचे खांब, कारण त्या लाकडाला खारे पाणी खात नाही. आणि खिडक्या अशा की दुपारच्या भरतीचा वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाई. लग्नाआधी तो गावठाणाच्या कचेरीत महिनोनमहिने खेटे घालत होता आणि परवाना हातात पडला तेव्हाच त्याने पहिला खांब रोवला. शेजारचे हसले होते. त्या समुद्रपट्टीत परवाना कोण काढतो? लोक आधी राहायला जात आणि मग परवान्याचा विचारही करत नसत. त्याच घरात त्याची बायको लोर्ना बाळंत झाली, आणि त्याच घरात, वाऱ्याच्या खिडकीशी, ती गेली. आता किनाऱ्याने मोठा रस्ता व्हायचा होता आणि रस्त्यामागे हॉटेले. कायदा झाला: समुद्रपट्टीतली घरे, पडव्या आणि टपऱ्या, विनापरवाना, हटवण्यात येतील. शब्दांची ओळ इंग्रजीत अशीच होती, तीन नामे आणि मागे एक शेपूट. परवान्याची गोष्ट तिघांना लागू असेल तर क्लेमंटच्या घराला कुणी हात लावू शकत नव्हते. ती फक्त टपऱ्यांना लागू असेल तर परवान्याच्या टपऱ्या राहणार होत्या आणि घरे, परवाना असो नसो, सरसकट जाणार होती. पट्टीत परवान्याची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. क्लेमंटच्या दाराला लाल रंगाने फुली मारून गेले तेव्हा तो त्या मुकादमाला म्हणाला होता, "रंग जरा पातळ करून मारायचा हो, ओघळ आलेत बघा."

रॉक्सॅन बॅकस नावाची तरुण वकील त्याची बाजू फुकट लढवत होती. तीच बाईंकडे आली, बाईंच्या शाळेच्या शेवटच्या वर्षांतली, हातावर अजून पट्टीचा वळ असल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसणारी. "मिस, दुसरं कुणी नाही. तुम्ही एकदा उभ्या राहून म्हणालात की शेपूट तिघांचं, तर विरुद्ध बाजूचं तोंडच बंद होईल. जज रॉल सेम्पल आहेत. तेही तुमचेच." बाईंना रॉल सेम्पल आठवला. पहिल्या बाकावरचा, गालाला खळी, सगळ्यांच्या आधी ओरडणारा. बाई लगेच हो म्हणाल्या. चांगले काम करायची संधी आणि आपल्या शब्दाचे वजन दाखवायची संधी एकाच ताटात वाढून आली की माणूस कुठल्या भुकेने जेवतो, ते त्याचे त्यालाच कळत नाही.

क्लेमंट चहा पिऊन गेल्यावर त्या खिडकीशी बसून राहिल्या. भरती येत होती. दूर कालव्याच्या तोंडाशी पाणी अडवायचे लाकडी दार, कोकर, साखळीचा आवाज करत खाली उतरत होते. आणि टॅक्सीवाल्याने जे उकरले होते ते आता वर आले. ती दुपार त्यांना आठवत नव्हती असे नाही, पण ती त्यांनी कधी एकटी काढून पाहिली नव्हती. फळ्यावर घोडा, गाय, गाढव. वर्गाने आरोळी ठोकली होती. आणि मागच्या बाकावरून एक बारीक पोरगा, कोपरावर ठिगळ, हात वर करून म्हणाला होता, "मिस, मग पहिल्या दोघांची शेपटं कुठं गेली?" वर्ग खदखदून हसला. तसे हसणे बाईंच्या वर्गात त्याआधी कधी झाले नव्हते. त्या फळ्याकडे वळल्या आणि त्यांना खरोखरच दिसले की घोडा आणि गाय बिनशेपटाची आहेत, मागून कापल्यासारखी, आणि अतिशय केविलवाणी. त्यांना ते दिसले होते. म्हणूनच राग आला होता. "बाकावर उभा राहा. मी सांगेपर्यंत उतरायचं नाही." पोराने वाकून बूट काढले, नीट शेजारी शेजारी ठेवले, कारण बाक पुसायचे काम त्याच्या आईचे होते, आणि तो उभा राहिला.

पुढे तास झाला, मधली सुट्टी झाली, दुसऱ्या वर्गांचे तास झाले, आणि बाई त्याला विसरल्या. शाळा सुटली. त्या रस्त्याला लागल्या आणि छत्री राहिली म्हणून परत आल्या, तर रिकाम्या वर्गात, उन्हाच्या तिरक्या पट्ट्यात, पोरगा बाकावर तसाच उभा होता. रडला नव्हता. फळ्याकडे बघत होता. "मिस," तो म्हणाला, "उतरू का?" इथे बाईंची आठवण नेहमी संपत असे, आणि आजही त्यांनी ती तिथेच संपू दिली. त्यांनी पाणी प्यायले, निळ्या पोशाखावरची न पडलेली सुरकुती हाताने साफ केली आणि ठरवले की उद्या आपण बोलायचे. स्पष्ट बोलायचे. एक वाक्य, आणि घर वाचेल. एवढी वर्षे लोकांनी आपले ऐकले, उद्याही ऐकतील.

कोर्टाच्या खोलीत पंखे घरघरत होते आणि माणसे इतकी जमली होती की उपासाच्या दिवसांतल्या चर्चमध्येही जमत नाहीत. शिपायाने बाईंना हाताला धरून साक्षीच्या लाकडी चौकटीत चढवले. तोही त्यांचाच, वर्गात शाई सांडायचा. रॉक्सॅनने कायद्याचे वाक्य वाचून दाखवले आणि विचारले, "मिस बोव्हेल, इथं ‘विनापरवाना’ कुणाला लागतं?"

"तिघांना," बाई म्हणाल्या. "घरांना, पडव्यांना आणि टपऱ्यांना. साधं आहे. परवाना काढून राहणाऱ्या माणसाचं घर पाडायचं आणि परवान्याची टपरी ठेवायची, असं कुठला शहाणा माणूस म्हणेल?"

खोलीत कुजबूज झाली. कुणीतरी "शाब्बास मिस!" म्हणाले. मागच्या बाकांवर समुद्रपट्टीतली माणसे होती, आणि त्यांच्यात क्लेमंट, लग्नातल्या कोटात, कानामागे पेन्सिल नसल्यामुळे उघडाबोडका दिसणारा. बाईंना वाटले, झाले. सरकारच्या वकिलाने त्यांना प्रश्न विचारायचे टाळले. त्याच्याही तळहाताला आठवण असावी. तेव्हा रॉल सेम्पलने चष्मा काढला. केस पिकले होते, पण खळी होती.

"मिस, मला एकच विचारायचंय. तुमच्या वर्गात फळ्यावर एक चित्र असायचं."

"होतं, मिलॉर्ड."

"त्याच्याखाली तुम्ही एक प्रश्न विचारायचात. तो काय होता, ते कोर्टाला सांगता?"

बाईंनी शपथ घेतली होती. शिवाय त्यांना खोटे बोलायची सवय नव्हती, निदान थेट. त्या म्हणाल्या, "शेपूट कुणाचं?"

आणि खोली ओरडली, "शेवटच्याचं!" कुणी ठरवून ओरडले नव्हते. शिपाई ओरडला, टंकलेखिका ओरडली, सरकारचा वकील ओरडला, दारातला पोलीस ओरडला, समुद्रपट्टीतली माणसे ओरडली, जिच्या नवऱ्याची पडवी जायची होती ती बाईसुद्धा ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवून खाली बघू लागली. रॉक्सॅनचे ओठ हलले होते. छताच्या तुळयांतून तो आवाज परत खाली आला, पोराटोरांचा नव्हे, म्हाताऱ्या, जाड आवाजांचा. फक्त एकाचे तोंड मिटलेले होते. क्लेमंट डेझेल समोर बघत होता, जिथे फळा असता तिथे.

"ते चुकीचं होतं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला तेवढा मोठा निघाला नाही. "मी चुकीचं शिकवलं. सोपं पडावं म्हणून शिकवलं. मुलं पास व्हावीत म्हणून. शेपूट कधी कुणाचं असतं, कधी कुणाचं, ते बोलणाऱ्याचं मन बघून ठरवायचं असतं. रॉल, तू ऐकतोयस ना?"

नावाने हाक मारल्याबद्दल कुणी हसले नाही. रॉल सेम्पलने चष्मा पुन्हा घातला आणि तो अतिशय मऊ बोलला. आजारी माणसाशी बोलतात तसा मऊ. "ऐकतोय, मिस. नियम चुकीचा असेल. लहानपणी मलाही तसं वाटलं असेल, पण मी पहिल्या बाकावर बसायचो. आता तुम्हीच म्हणता, लिहिणाऱ्याचं मन बघायचं. हे वाक्य ज्यानं लिहिलं तो तुमचा विद्यार्थी. ज्यानं तपासलं तोही तुमचाच. ज्यांनी हात वर करून ते मंजूर केलं, त्यांच्यातले किती तुमचे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शेपूट शेवटच्याला लावायचं, हे या माणसांच्या हाडात बसलंय, आत्ता ऐकलंत ना तुम्ही? त्यांनी ते शेवटी ठेवलं ते कुणासाठी ठेवलं, याची शंका मी कुठल्या तोंडानं घेऊ? तुमचं मत तुम्ही बदललंत, मिस. त्यांचं मन तुम्ही तेव्हाच घडवून ठेवलंत."

बाई काहीतरी बोलायला गेल्या. कप, बशा नि चमचे, असे काहीतरी त्यांच्या जिभेवर आले होते आणि ते इथे कुणाला सांगणार, असे वाटून त्या थांबल्या. आईचे तोंड कोर्टातही घालता येत नव्हते. पंखा घरघरत राहिला. मग रॉल सेम्पल म्हणाला, "तुम्ही उतरू शकता, मिस."

त्या उतरल्या नाहीत. चौकटीचा कठडा धरून उभ्या राहिल्या. मिस, उतरू का? शिडीवरून, दर पहिल्या शनिवारी, पावसात आणि उन्हात. रीतभात कसली! तो विचारत होता. तीच एक गोष्ट तो कितीतरी वर्षे विचारत होता आणि त्या चहाचे आधण ठेवता ठेवता म्हणत होत्या, उतर, क्लेमंट. त्या दुपारी त्यांनी काय उत्तर दिले होते, ते त्यांना आता आठवले. त्या म्हणाल्या होत्या, "तू अजून इथंच?" आणि छत्री घेऊन निघून गेल्या होत्या. उतर असे म्हणाल्याच नव्हत्या. तो कधी उतरला, कसा उतरला, आईने येऊन उतरवला की काय, त्यांनी कधी विचारले नव्हते. शिपायाने हलकेच त्यांच्या कोपराला हात लावला. "चला मिस, पायरी आहे, जपून."

निकाल कोर्टाने आठवड्याभरात दिला आणि त्यात बाईंचे नाव मोठ्या आदराने आले होते. रॉक्सॅन वरच्या कोर्टात जायचे म्हणत राहिली, पण बुलडोझर अपिलाची वाट बघत नाही. बाई बघायला गेल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशी घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, आणि खिडक्या क्लेमंटने इतक्या चोख बसवल्या होत्या की बाहेरचा आवाज आत आला नाही. नंतर कळले की ग्रीनहार्टचे खांब निघेनात. मशीन दोनदा बंद पडले. शेवटी क्लेमंटनेच पुढे होऊन कुठून सांधा सुटेल ते दाखवले. हे सांगताना लोकांना फार कौतुक वाटत होते. मग ईस्टर आला. ईस्टरच्या सोमवारी सारे शहर समुद्राच्या भिंतीवर पतंग उडवायला जमते, आणि यंदा लोक म्हणत होते की जागा चांगली मोकळी झाली, पतंग कुठे अडकत नाहीत. बेकरीत कुणी शेपटाचा प्रश्न विचारला नाही. टॅक्सीवाल्याने त्यांना रांगेत पुढे जागा करून दिली आणि टोपी हातात धरून तो भिंतीकडे बघत राहिला. पतंगांनासुद्धा शेपट्या असतात, हे बाईंच्या मनात आले आणि त्यांना स्वतःची किळस आली.

पुढच्या पहिल्या शनिवारी क्लेमंट येईल असे त्यांना वाटले नव्हते, आणि तरी त्या पहाटेच उठून बसल्या होत्या. तो आला. शिडी खांद्यावर, आणि काखेत जुन्या लाकडाच्या फळ्या. बर्बीसला मुलीकडे जायचे म्हणाला, दुपारच्या गाडीने. "तुमच्या मागच्या खिडकीचं काम राहिलं होतं, मिस. म्हटलं, अर्धवट कशाला सोडा." त्याने बूट काढले, शेजारी शेजारी ठेवले, आणि तो वर चढला. फळ्यांना फिकट निळा रंग होता आणि एकीच्या कडेला लाल ओघळ. बाईंनी ओळखले. त्यांनी विचारले, "क्लेमंट, हे तुझ्या घराचं लाकूड?" तर तो म्हणाला, "चांगलं लाकूड आहे, मिस. वाया कशाला घालवा."

त्या खाली उभ्या राहिल्या. आज चहाचे आधण ठेवले नव्हते. त्यांना जागचे हलायचे नव्हते. तो ठोकत होता आणि त्या ठोकण्याबरोबर त्यांच्या तोंडात एकच शब्द तयार होत होता. या खेपेला त्या तो नुसता म्हणणार नव्हत्या. तो विचारील, आणि त्या आधी सांगणार होत्या की त्या दुपारी फळ्यावर मलाही दिसले होते, पहिल्या दोघांची शेपटे कुठे गेली ते. तू बरोबर होतास. मग म्हणणार होत्या, उतर. यापलीकडे त्यांच्याजवळ त्याला द्यायला काही उरले नव्हते. घर गेले होते, ते त्यांच्या हाताने गेले होते. निदान एवढे तरी. शेवटचा खिळा बसला. त्याने पट्टी वरखाली करून पाहिली, आतून वारा आला का बघितले, हातोडी खोचली.

आणि तो खाली उतरला. एकेक पायरी, न विचारता. जमिनीवर येऊन बूट चढवले, नाड्या बांधल्या, शिडी भिंतीला टेकवून ठेवली. "शिडी तुम्हालाच राहू द्या, मिस," तो म्हणाला, "मुलीच्या घराला वरचा मजला नाही." मग टोपीला हात लावून फाटकाबाहेर पडला. बाई तोंड उघडून उभ्या होत्या. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत शब्द त्यांच्या जिभेवरच होता, आणि नंतरही.